सत्तावीस अठ्ठेचाळीस

माझा स्वभाव जळका आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शेजाऱ्याने गाडी घेतली की माझा दिवस खराब जातो. साडूच्या मुलाला चांगले मार्क पडले तर मी पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारतो, पेपर सोपा होता का. बायको म्हणते, "तुम्हाला दुसऱ्याचं बघून ॲसिडिटी होते." ते खरं आहे. फक्त एका बाबतीत मी कधी कुणावर जळलो नाही, ते म्हणजे माझं धावणं. तिथे माझ्याकडे सत्तावीस अठ्ठेचाळीस होतं.

म्हणजे पाच किलोमीटर, सत्तावीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत. तीन वर्षांपूर्वी, थंडीत, ठाण्याच्या उपवन तलावाला फेऱ्या मारून. धावायचा नाद नसलेल्या माणसाला यात काही वाटणार नाही, आणि खरी धावणारी पोरं हे अंतर गप्पा मारत कापतात. पण आमचा रविवारचा ग्रुप म्हणजे पन्नाशीकडे झुकलेले, गुडघ्याला पट्टे बांधून येणारे लोक. त्यात अठ्ठावीसच्या आत आलेला मी एकटा. वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात डिस्पॅचला बसून बसून कमरेचा पार भुगा झालेला माणूस, आणि सत्तावीस अठ्ठेचाळीस. मी ते सगळ्यांना सांगितलेलं. डॉक्टरला सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय चालू होता तिथेही कसं कोण जाणे सांगितलं.

हे सगळं मोजलं होतं माझ्या जुन्या घड्याळाने. उपग्रहावरून अंतर मोजणारं, धावणाऱ्यांचं घड्याळ. काळं, जाड, काचेवर दोन चरे. आठ वर्षं मनगटावर होतं. उपग्रह सापडायला त्याला तीन-चार मिनिटं लागायची, तोवर मी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या गेटपाशी हात वर करून उभा राहायचो. वॉचमन आधी घाबरायचा, मग सवय झाली त्याला.

तर मग जळायला सुरुवात कुठे झाली, ते सांगतो. ग्रुपमध्ये माजिवड्याचा एक जण आहे. वयाने माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, टॉवरमध्ये राहतो, मला 'सर' म्हणतो. आला तेव्हा एका फेरीत धाप लागून बाकावर बसलेला. त्याला श्वास कसा घ्यायचा ते मी शिकवलं. बुटाची लेस दोनदा कशी मारायची, तेही मी शिकवलं. गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ना, तसं झालं. गेल्या दिवाळीच्या आधी एका रविवारी तो नवीन घड्याळ घालून आला. रंगीत पडदा, त्यावर तलावाचा नकाशा, झोप किती झाली, दम किती उरला, सगळं. त्याने गेटमधून आत यायच्या आधीच त्याला उपग्रह सापडलेले. मी हात वर करून उभा. तो माझ्या मनगटाकडे बघून म्हणाला, "सर, अजून हेच? चालतंय?"

चालतंय, म्हणे. वाईट हेतूने बोलला नसेलही. पण मला ते परतीच्या वाटेवर, स्कूटरवरून माणकोलीचा पूल ओलांडेपर्यंत टोचत राहिलं. घरी आल्या आल्या मी नवीन घड्याळं बघायला बसलो.

"जुनं बिघडलं का?" बायकोने विचारलं.

"बिघडलं नाही. उपग्रह सापडायला वेळ लावतं."

"तुम्हाला फ्रीजमधलं लोणी सापडत नाही," ती म्हणाली, "त्या बिचाऱ्याला आकाशातलं काय सापडणार."

दिवाळीच्या पाडव्याला घड्याळ आलं. मुद्दाम माजिवड्याच्या घड्याळापेक्षा वरचं मॉडेल घेतलं, दुसऱ्या कंपनीचं. दुसरी कंपनी म्हणजे मोबाइलमध्ये ॲप दुसरं, खातं दुसरं. जुन्या घड्याळातलं काहीच नव्यात येईना. दुकानातला म्हणाला, नव्याने सुरुवात करा. म्हणजे माझी आठ वर्षं जुन्या खात्यात राहिली आणि नव्या घड्याळाच्या लेखी मी काल जन्मलो.

आमच्या घरात एक रीत आहे. नवीन वस्तू माझ्याकडे येते आणि जुनी तिच्याकडे जाते. कुणी ठरवलेली नाही, पडून गेली. तीन मोबाइल असेच गेले. माझी ऑफिसची सॅक गेली, हेडफोन गेले, ज्यांचा एक कान चालायचा नाही ते. त्याच रीतीने जुनं घड्याळ तिला दिलं. देताना ते पुसून कोरं करायला हवं होतं, एवढं मला कळतं. पण त्यात सत्तावीस अठ्ठेचाळीस होतं. पुसायला हात धजेना. "असंच वापर," म्हटलं, "वेळ बघायला बरंय." तिच्या मनगटाला पट्टा सैल व्हायचा. तिने दाभण गॅसवर तापवून पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं आणि संध्याकाळी शाळेत शिकवून आली की खाडीकडे चालायला जाऊ लागली.

मला हसू यायचं. जुना पंजाबी ड्रेस, ओढणीला कमरेला गाठ, आणि मनगटावर ते काळं धूड. काही दिवसांनी म्हणाली, मध्ये मध्ये पळते थोडी. मी म्हटलं, "हळू. गुडघे जातील." ती शाळेत असताना तालुक्याच्या खो-खो संघात होती, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. लग्नानंतर आम्ही चार वर्षं दिवा स्टेशनपाशी राहिलो तेव्हा लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये ती पाण्याच्या कळश्या चौथ्या मजल्यावर चढवायची, तेही मी डोळ्यांनी बघितलेलं. पण ते धावण्यात धरायचं असतं, हे डोक्यात आलं नाही.

इकडे माझं नवीन घड्याळ माझ्याशी नीट वागेना. जुनं बिचारं गप्प असायचं. हे धावून झालं की मत द्यायचं. एकदा म्हणालं, विश्रांती घ्या, दोन दिवस. एकदा माझं शारीरिक वय सांगितलं, ते खऱ्या वयाच्या नऊ वर्षं पुढे. एका सकाळी पाच किलोमीटर मारून घामाघूम होऊन बघतो तर पडद्यावर एकच शब्द, 'अनप्रॉडक्टिव्ह'. पंचवीस वर्षांच्या नोकरीत साहेबाने हे तोंडावर म्हटलं नव्हतं. त्या घड्याळाच्या दृष्टीने माझं सर्वोत्तम एकोणतीस बावन्न होतं, कारण त्याने तेवढंच पाहिलेलं. त्याला कसं सांगणार, बाबा रे, मी असा नव्हतो.

गणपती उठले त्या आठवड्यातली गोष्ट. मोदकांनी वजन वाढलेलं, नवीन घड्याळ सकाळी पुन्हा काहीतरी बोललेलं. संध्याकाळी लवकर घरी आलो, सोफ्यावर बसलो आणि जुनं ॲप उघडलं. कित्येक महिन्यांत उघडलं नव्हतं. का उघडलं? सत्तावीस अठ्ठेचाळीस बघायला. माणूस जुने फोटो बघतो तसं. यादीत सगळ्यात वर ते होतं, त्याच्या बाजूला सोनेरी कप. बघून बरं वाटलं.

तेवढ्यात दार उघडून ती आत आली. लाल झालेली, केस कपाळाला चिकटलेले. चपलांच्या रॅकवर बूट ठेवून सरळ स्वयंपाकघरात गेली, कुकर लावायला. आणि माझ्या हातातला मोबाइल वाजू लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. जुन्या घड्याळाला इतक्या महिन्यांनी आपलं ॲप उघडं सापडलेलं, त्याने पोटात साठवलेलं सगळं एका दमात ओतलं. माझ्याच खात्यात, माझ्याच नावावर.

मी बघत राहिलो. पहिल्या पहिल्या संध्याकाळी पाच किलोमीटरला पन्नासच्या वर मिनिटं. मग शेहेचाळीस. एकेचाळीस. मार्चमध्ये पस्तीस. माझी बहीण तिच्या पोरांना घेऊन आठवडाभर राहायला आलेली, त्या आठवड्यातही चार दिवस. मला ताप होता आणि मी दिवसभर कण्हत पडलेलो, त्या संध्याकाळीही बत्तीस दहा. एकतीस. एकोणतीस चाळीस. आणि सगळ्यात वर, आजची तारीख, ताजी: सत्तावीस एकतीस. सोनेरी कप उडी मारून तिच्याकडे गेलेला. खाली, बिनकपाचं, माझं सत्तावीस अठ्ठेचाळीस. त्यावर लिहिलेलं, अभिनंदन, तुम्ही तुमचाच विक्रम मोडलात.

मला आनंद झाला असं खोटं सांगणार नाही. माझ्या छातीत काहीतरी गरम झालं आणि तोंडाला कडू पाणी सुटलं. सतरा सेकंद. माजिवड्याने मोडलं असतं तर एक वेळ शिव्या देऊन मोकळा झालो असतो. हिला शिव्याही देता येईनात. मी वरचं मॉडेल घेतलं आणि ही माझ्याच टाकून दिलेल्या घड्याळावर, कमरेला ओढणी बांधून, कुणाला काही न सांगता.

आतून तिने विचारलं, "अहो, ह्या घड्याळावर आज कप आला. कसला असतो हो तो?"

उत्तर मला येत होतं. त्या क्षणी आख्ख्या डोंबिवलीत माझ्याइतकं चांगलं उत्तर कुणाला देता आलं नसतं.

"असाच येतो," मी म्हटलं. "अधूनमधून."

"असं होय," ती म्हणाली. कुकरची शिट्टी झाली.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण जुन्या खात्यातलं धावणं ग्रुपच्या पानावर आपोआप जायचं, ते मी विसरलेलो. दहा मिनिटांत तिथे झुंबड. 'सर, काय हे.' 'रोज संध्याकाळी गुपचूप सराव?' माजिवड्याने लिहिलं, 'छुपे रुस्तम निघालात सर. नवीन घड्याळ दाखवायला आणि जुनं पळायला.' मी लिहायला घेतलं, अरे तो मी नाही, बायको आहे. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी नुसते दोन जोडलेले हात टाकले. त्या हातांचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावावा.

रविवारी उपवनला गेलो तर माझी वाट बघत उभे. म्हणे आज सर पुढे, बाकी सगळे मागे, बघू कोण टिकतं. मी म्हटलं पोट बरं नाही. कुणी ऐकेना. पहिला किलोमीटर सत्तावीसच्या हिशेबाने काढला. दुसऱ्यात कानात ढोल वाजायला लागले. तिसऱ्यात माजिवडा शेजारून गेला, जाताना अदबीने म्हणाला, "सर, सावकाश." शेवटी तीस बावीस. सगळे फार चांगलं वागले. कुणी लिंबूपाणी दिलं, कुणी म्हणालं होतं असं एखाद दिवस. माजिवड्याने पाठीवर हात ठेवला. त्या हाताने जेवढी आग झाली तेवढी त्याच्या घड्याळाने झाली नव्हती.

घरी आलो. जेवण झाल्यावर ती आत पडली होती, घड्याळ डायनिंग टेबलावर काढून ठेवलेलं. मी मोबाइलवर जुनं ॲप उघडलं. नुसते तिचे आकडे पुसता येतात का बघितलं. येत होते. एकेक करून पुसायचे, दीडशेच्या वर होते. बसून अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पण मला तेवढा धीर नव्हता, आणि खरं कारण तेही नाही. सत्तावीस एकतीस पुसलं तरी ते होऊन गेलेलं मला माहीत राहणार होतं. सत्तावीस अठ्ठेचाळीसकडे मी पुन्हा कधी त्याच नजरेने बघू शकणार नव्हतो. खाली एक लाल ओळ होती, खातं कायमचं बंद करा. त्याने दोनदा विचारलं, नक्की? सगळं जाईल. मी दोनदा हो म्हटलं. मग घड्याळ हातात घेऊन तेही कोरं केलं.

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात म्हणतात. लहानपणापासून ऐकत आलो होतो. असं कोण करेल, म्हणायचो.

संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे खाडीकडे गेली. मी गॅलरीत उभा राहून वाट बघत राहिलो, कशाची ते माझं मलाच कळेना. परत आली तेव्हा जरा दमलेली वाटली. टेबलाशी बसून पाणी प्यायली आणि मनगट माझ्यापुढे धरलं.

"आज तीन आले," ती म्हणाली. "एका किलोमीटरला एक, पाचाला एक, आणि सगळ्यात लांब म्हणून एक. एकतीस मिनिटं लागली आज, पाय जड होते. तरी तीन कप." मग म्हणाली, "तुम्ही म्हणालात ते खरंच. असेच येतात."

कोऱ्या घड्याळाला काय, पहिली धाव हाच विक्रम. ती माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. शाळेत मुलाने गृहपाठ केला नसला की ती अशीच बघत असणार.

"असेच नाही येत," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"त्या दिवशी तू माझं मोडलंस. सत्तावीस एकतीस."

"ते पण माहीत आहे. तीन वर्षं सत्तावीस अठ्ठेचाळीस, सत्तावीस अठ्ठेचाळीस ऐकतेय. झोपेत विचारलं तरी सांगेन."

"मग कसला कप म्हणून विचारलंस कशाला?"

"बघत होते, सांगता का." तिने घड्याळाचा पट्टा सोडला. मनगटावर पट्ट्याचा वळ उठला होता. "नाही सांगितलंत. म्हटलं, लागलं असेल. मग मी पण विषय काढला नाही."

म्हणजे आठवडाभर ही मला सांभाळून घेत होती. खरं सांगतो, लाज वाटली, पण ती नंतर. आधी रागच आला. पळण्यात पुढे गेली ते गेली, मोठेपणातही पुढे.

"पुसलंत ना सगळं?" तिने विचारलं.

"हो."

"तुमचंही?"

"माझंही. खातंच बंद केलं."

ती उठली, कणकेचा डबा काढला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "माझं कॅलेंडरवर आहे."

आमच्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या बाजूला कॅलेंडर लटकतं. गॅस कधी लावला, पाणी कुठल्या दिवशी येणार नाही, कामवाली कधी आली नाही, हे सगळं ती त्यावर लिहिते. मी त्याच्याकडे सुट्ट्या बघण्यापुरता बघतो. जवळ जाऊन बघितलं. बऱ्याच तारखांच्या चौकोनांत, गॅस आणि पाण्याच्या खाली, बारीक अक्षरात आकडे. २९.४०. २८.५५. २८.१२. त्या दिवशीच्या चौकोनात २७.३१ आणि खाली दोन रेघा. आज सकाळपर्यंत मी हे धोब्याचं काहीतरी समजत होतो.

"मागे जा," ती कणीक भिजवत म्हणाली. "जानेवारीत तुमचं पण आहे."

पानं उलटत जानेवारीवर आलो. महिन्याच्या नावाच्या शेजारी, कोपऱ्यात, लाल पेनाने गोल करून तिने लिहून ठेवलेलं, २७.४८. खाली लहान अक्षरात, 'ह्यांचं'. त्या महिन्यात तिचे स्वतःचे आकडे चाळीसच्या घरात होते. मी तसं धावलो होतो याचा आता जगात तेवढाच पुरावा, आणि तो तिने मला हरवायचं ठरवलं त्या दिवशी केलेला.

मी दोन्ही पानांचे फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, गोल केलेलं माझं, दोन रेघावालं हिचं, जुन्या घड्याळावर हीच धावायची. पाठवायचं बटण दाबायला, त्या लाल ओळीपेक्षा जास्त वेळ लागला.

माजिवड्याचं उत्तर पहिलं आलं.

'वहिनींना रविवारी घेऊन या. तुम्ही आलात तरी चालेल.'